जुन्नर परिसरातील किल्ले

जुन्नर हे पुणे जिल्ह्यातील कुकडी नदीकाठचे, तालुक्याचे ठिकाण असलेले प्राचीन गाव आहे. गावाच्या आसपास शिवनेरी, चावंड, जीवधन, हडसर, निमगिरी व नारायणगड हे गिरिदुर्ग आहेत. यांपैकी शिवनेरी हा छत्रपती शिवाजी महाराजांचे जन्मस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि जुन्नरच्या पश्चिमेकडील किल्ले ही नाणेघाटाच्या व्यापारी मार्गाचे रक्षण करणारी साखळी होती. म्हणून ते एकमेकांच्या संदर्भात पाहिल्यासच त्यांच्या स्थानामागील हेतू स्पष्ट होतो.

नाणेघाट

जुन्नरच्या पश्चिमेस सुमारे ३० कि.मी. अंतरावर सह्याद्रीच्या कड्यात नाणेघाट आहे. कल्याण व सोपारा या बंदरांत उतरणारा माल या घाटाने जुन्नरला येई व तेथून देशावर जाई. घाटमाथ्याजवळील गुहेत सातवाहनकालीन लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरलेला आहे. तो राणी नागनिकेचा असल्याचे सामान्यतः मानले जाते. त्यात यज्ञांची व त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची नोंद असून संख्या अंकांत लिहिलेल्या आहेत. येथे राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांचे केवळ अवशेष व वर कोरलेली नावे उरली आहेत. घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी वापरला जाई, असे सांगितले जाते.

इतिहास

मध्ययुगात हे किल्ले निजामशाहीच्या ताब्यात होते. राजघराण्यातील वारसांना कैदेत ठेवण्यासाठीही त्यांचा उपयोग झाला. चांदबिबीने ज्याचा पक्ष घेतला तो बालवारस बहादूर निजामशहा चावंडवर कैदेत होता. निजामशाहीच्या अखेरीस शहाजीराजांनी मूर्तझा या अल्पवयीन राजपुत्रास जीवधनवरून सोडवून पेमगिरी येथे गादीवर बसविले व त्याच्या नावाने कारभार चालविला. १६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यानंतर शहाजीराजांना माघार घ्यावी लागली आणि जुन्नर प्रांतातील किल्ले मोगलांकडे गेले.

शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये जुन्नर शहरावर छापा घातला. पुढे शिवनेरी घेण्याचा प्रयत्नही झाला. मात्र तो यशस्वी झाला नाही. स्वराज्याच्या संस्थापकाचे जन्मस्थान त्यांच्या हयातीत स्वराज्यात येऊ शकले नाही. अठराव्या शतकात शाहू महाराजांच्या कारकिर्दीत शिवनेरी मराठ्यांकडे आला. १८१८ मध्ये हे किल्ले इंग्रजांनी जिंकले. ते पुन्हा लढाईसाठी वापरता येऊ नयेत म्हणून काही किल्ल्यांवरील वाटा व पायऱ्या सुरुंगाने उडवून देण्यात आल्या.

प्रमुख किल्ले

शिवनेरी : जुन्नर गावास लागूनच हा किल्ला आहे. मुख्य वाटेवर एकामागून एक सात दरवाजे लागतात. शिवाजी महाराजांचा जन्म येथे फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ (१९ फेब्रुवारी १६३०) रोजी झाला. शिवाई देवीचे मंदिर, अंबरखाना, गंगा-जमुना टाकी, बदामी तलाव व कडेलोट टोक ही पाहण्यासारखी ठिकाणे आहेत. किल्ल्याच्या कातळात बौद्ध लेणी आहेत; त्यामुळे या डोंगरावरील वस्ती किल्ल्याहून फार जुनी असल्याचे दिसते.

चावंड : चावंडवाडी हे पायथ्याचे गाव. शिवकाळात यास प्रसन्नगड हे नाव मिळाले. उडवलेल्या पायऱ्यांच्या जागी चढ अवघड असून तेथे लोखंडी कठड्यांचा आधार आहे. गडावर चामुंडा देवीचे मंदिर आणि सप्तमातृका नावाने ओळखला जाणारा सात टाक्यांचा समूह आहे.

जीवधन : नाणेघाटाच्या अगदी शेजारी, घाटघर गावाजवळ हा किल्ला आहे. घाटावर प्रत्यक्ष नजर ठेवणारा किल्ला हाच. त्याच्या कड्याला लागून वानरलिंगी नावाचा उंच सुळका आहे. गडावरील धान्यकोठीतील राख १८१८ च्या लढाईत जळालेल्या धान्याची असल्याचे स्थानिक परंपरा सांगते. वाटेतील काही टप्पे तुटलेले असल्याने माहितगार सोबत असणे इष्ट.

हडसर : पर्वतगड या नावानेही हा ओळखला जातो. अखंड कातळ कोरून तयार केलेला जिना व दरवाजे हे त्याचे वैशिष्ट्य. बांधकामाऐवजी खडकच खोदून प्रवेशमार्ग निर्माण करण्याची ही पद्धत दुर्गस्थापत्याच्या अभ्यासकांनी अवश्य पाहावी.

निमगिरी व नारायणगड : निमगिरी जुन्नरच्या वायव्येस असून त्याला लागूनच हनुमंतगड आहे. नारायणगड मात्र पूर्वेस, नारायणगावच्या बाजूस आहे. त्याच्या जवळच खोडद येथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे.

भेट व जतन

शिवनेरी अर्ध्या दिवसात पाहता येतो. नाणेघाट व जीवधन एका दिवसात, तर चावंड व हडसर यांसाठी प्रत्येकी एक दिवस ठेवणे सोयीचे. पावसाळ्यात कातळातील पायऱ्या निसरड्या होतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक अनुकूल आहे.

२०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशाशी निगडित बारा किल्ल्यांना जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला. त्यांत शिवनेरीचा समावेश आहे. चावंड, जीवधन व हडसर यांचा नाही. मात्र ज्या मार्गामुळे जुन्नरला आणि पर्यायाने शिवनेरीला महत्त्व आले, त्या मार्गाच्या खुणा याच किल्ल्यांवर अधिक स्पष्ट दिसतात. त्यांची टाकी, कोरीव पायऱ्या व लेख जपले गेले, तरच या परिसराचा दोन हजार वर्षांचा इतिहास सलगपणे वाचता येईल.