मत कुठलं?

आमचे आबा सातारा जिल्ह्यातल्या पाटणहून मुंबईला आले ते मस्जिद बंदरच्या गाळ्यात. एका खोलीत अख्ख्या वाडीतली माणसं, भिंतीला ओळीनं ट्रंका, पाळ्या लावून झोपायचं. गोणी वाहायच्या आणि मुकादम देईल ते घ्यायचं. "मग अण्णासाहेब उभे राहिले," असं सांगताना आबा आजही ताठ बसतात. अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, स्वतः हमाली केलेले. त्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला, हमालाच्या घरात फंड आणि बोनस आला. पुढे अण्णासाहेब आमदार झाले. घाऊक बाजार वाशीला हलला, आणि आगऱ्यांच्या शेतांवर सिडकोनं वसवलेल्या कोपरखैरण्यात माथाड्यांना घरं मिळाली. त्यातलंच एक आमचं.

2019 च्या एप्रिलमध्ये मी आबांना बातमी सांगितली: डोंगरापलीकडच्या अंबरनाथला जन्मलेले योगेंद्र पुराणिक टोकियोच्या एदोगावा वॉर्डात नगरसेवक झाले. आबांनी एकच विचारलं, "मतं तिथल्याच लोकांनी दिली?"

तिथल्याच लोकांनी. पुराणिक पुण्यात जपानी शिकले, आधी विद्यार्थी म्हणून जपानला गेले आणि 2001 मध्ये संगणक अभियंता म्हणून परतले. त्या सुमारास एदोगावातल्या निशीकासाईत भारतीय अभियंत्यांची वस्ती वाढत होती, कारण तिथून मेट्रोनं थेट मध्य टोकियोतल्या ओतेमाचीच्या कचेऱ्या गाठता येत. परदेशी माणसाला घर मिळणं मात्र कठीण. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी तिथे आधीपासून होते; नव्यांसाठी घरमालकांकडे शब्द टाकायला ते जात. आबांना हे लगेच पटलं, त्यांच्या गाळ्यातही असा एक जुना माणूस होता.

2012 मध्ये पुराणिकांनी जपानी नागरिकत्व घेतलं, म्हणजे भारताचं सोडलं. हा निर्णय किती जड असतो, ते गाव सोडलेल्याला कळतं. जपानमध्ये परदेशी नागरिकाला मताचा हक्क नाही, त्यामुळे शेजारच्या हजारो भारतीयांपैकी जवळजवळ कुणीच त्यांना मत देऊ शकत नव्हतं. तरी 6,477 मतं पडली. 2021 मध्ये टोकियो महानगर विधानसभेची निवडणूक ते हरले. 2023 मध्ये इबाराकीतल्या एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. मला त्यांचं हे पुढचं पाऊलही तितकंच मोठं वाटतं. मत मागायला आलेला माणूस हरल्यावरही त्याच देशातल्या पोरांसाठी राबू लागला.

इकडे आबांचं नाव मात्र अजून गावच्या मतदार यादीत आहे. निवडणूक आली की साताऱ्याकडचे उमेदवार कोपरखैरण्यात सभा घेतात आणि माणसं न्यायला गाड्या लावतात. गावची ओढ मला कळते, सातबारा तिथे आहे. पण आपलं पाणी, गटार, नातवंडांची शाळा, दवाखाना सगळं इथं आहे, आणि त्यावर बोलण्याचा आपला हक्क आपणच गावी ठेवून आलो आहोत. ज्यांच्या दोन पिढ्या इथं गेल्या, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: पत्ता बदलण्यासाठी नमुना 8 चा अर्ज भरा आणि नाव इथल्या यादीत आणा.