चार दारे, एक ग्रंथ
शीख प्रार्थनामंदिरांच्या वास्तुरचनेचा मागोवा

अमृतसरच्या सुवर्णमंदिराचे चित्र आपल्यापैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेले असते. पाण्यात उभी असलेली ती सोनेरी वास्तू पाहून डोळे दिपतात आणि बहुधा तेथेच आपले पाहणे थांबते. वस्तुतः सोने हा त्या मंदिराला फार उशिरा चढलेला साज आहे. त्यापूर्वी सुमारे सव्वादोनशे वर्षे त्या जागी मंदिर होते. ते उद्ध्वस्त झाले आणि पुन्हा उभे राहिले. या उलथापालथीतून मूळ कल्पना मात्र टिकून राहिली. ती कल्पना कोणती आणि ती जपण्यासाठी एका समाजाला काय करावे लागले, याचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

धर्मसाल ते गुरुद्वारा

गुरू नानक (१४६९–१५३९) यांच्या काळात शिखांच्या एकत्र जमण्याच्या जागेला ‘धर्मसाल’ म्हणत. तेथे शिखर नव्हते, गाभारा नव्हता. भजनासाठी जागा आणि आल्यागेल्यास अन्न, एवढीच तिची गरज होती. तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे ८४ पायऱ्यांची बावडी, म्हणजे पायविहीर, बांधविली. आधी पंगत, मग संगत, असा त्यांचा दंडक होता. गुरूंच्या भेटीस येणाऱ्याने प्रथम सर्वांच्या बरोबरीने जमिनीवर बसून जेवावे. पाणी आणि अन्न या दोन गोष्टींवरूनच माणसामाणसांत विटाळाच्या भिंती उभ्या होत्या. म्हणून शीख वास्तूचा आरंभही पाण्यापासून आणि पंगतीपासून झाला. आजही लंगर, म्हणजे सामुदायिक भोजनगृह, हा गुरुद्वाराचा अविभाज्य भाग आहे. अमृतसरच्या लंगरात रोज ५०,००० हून अधिक लोक जेवतात आणि स्वयंपाकापासून भांडी घासण्यापर्यंतचे बरेचसे काम सेवाभावी भाविकच करतात.

‘गुरुद्वारा’ म्हणजे गुरूचे दार. जेथे गुरू ग्रंथ साहिबाची विधिपूर्वक स्थापना झालेली आहे, ते गुरुद्वारा. मग ती भव्य वास्तू असो वा घराच्या माडीवरची खोली असो. तिला विशिष्ट दिशेचे बंधन नाही. आत मूर्ती नसते. आपल्या ख्रिस्तमंदिरात सर्वांची दृष्टी वेदीकडे वळते, तशी येथे ती ग्रंथाकडे वळते. ग्रंथ मंजीवर, म्हणजे लहानशा बाजेवर, रुमाल्यांत ठेवलेला असतो. वर चांदवा असतो आणि सेवक चवरी ढाळीत असतो. एखाद्या राजाला द्यावा तसा हा मान आहे. राजा असो वा रंक, बाकीचे सर्व डोके झाकून, अनवाणी, खाली एकाच पातळीवर बसतात. बाहेर निशाण साहिब हा उंच ध्वज असतो. दूरच्या वाटसरूला त्यावरून कळते, की येथे अन्न आणि निवारा मिळेल.

सरोवरातील मंदिर

चौथे गुरू रामदास यांनी १५७७ च्या सुमारास अमृतसरचे सरोवर खोदविले. त्यांचे पुत्र, पाचवे गुरू अर्जन यांनी सरोवराच्या मध्यभागी हरिमंदिर बांधण्यास १५८८ मध्ये आरंभ केला. त्याची पायाभरणी लाहोरचे सूफी संत मियाँ मीर यांच्या हस्ते झाली, असे परंपरा सांगते.

आपल्या देशातील देवळे बहुधा उंच जोत्यावर उभी असतात आणि देवाकडे जाण्यासाठी भक्ताला पायऱ्या चढाव्या लागतात. हरिमंदिराच्या आवारात शिरताना पायऱ्या उतराव्या लागतात. नगराची पातळी वर आणि परिक्रमेची वाट खाली. शिकवणुकीत नम्रता सांगितली आहे, ती येथे पायांना करावी लागते. दुसरी गोष्ट दारांची. मंदिराला चारही दिशांना चार दारे आहेत. कोणत्याही दिशेच्या, कोणत्याही वर्णाच्या माणसाला येथे मज्जाव नाही, असा त्यांचा अर्थ शीख परंपरेत सांगितला जातो. तरीही मंदिराकडे जाणारा पूल एकच आहे. पश्चिमेच्या काठावरील दर्शनी देवडीतून सुमारे २०० फूट लांबीच्या या पुलावरून सर्वांना एकाच वाटेने जावे लागते.

मंदिर आकाराने मोठे नाही. सुमारे ६७ फुटी चौरस चौथऱ्यावर सुमारे ४० फुटी चौरस वास्तू, एवढाच त्याचा विस्तार. वर उलट्या कमळासारखा, पन्हाळी पाडलेला बसका घुमट, कोपऱ्यांवर छत्र्या. पाकळीदार कमानी मोगल धाटणीच्या आणि छत्र्या व झरोके राजपूत वळणाचे आहेत. या उसनवारीत संकोच नाही. वेगवेगळ्या परंपरांचे घटक येथे एका नव्या कामाला लावले आहेत.

१६०४ मध्ये गुरू अर्जन यांनी संकलित केलेला आदिग्रंथ या मंदिरात स्थापन झाला. त्यात शीख गुरूंच्या वाणीबरोबर मुसलमान सूफी शेख फरीद, विणकर कबीर आणि चर्मकार रविदास यांच्या रचना आहेत, आणि आपल्या नामदेवांची ६१ पदेही आहेत. नामदेवांचे स्मारक पंजाबातील घुमान येथे आहे आणि २०१५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच गावी भरले होते. चार दारांच्या घरात जो ग्रंथ आला, तोही चारही दिशांच्या वाणीचा होता. आमच्या मते शीख वास्तूचे मर्म येथे आहे. मंदिराचा आराखडा आणि त्यातील ग्रंथ एकच गोष्ट सांगतात.

१६०६ मध्ये गुरू अर्जन यांना लाहोर येथे मोगल सत्तेच्या कैदेत मरण आले. त्यांचे पुत्र गुरू हरगोविंद यांनी हरिमंदिरासमोर अकाल तख्ताचा उंच चौथरा उभारला. मंदिर अध्यात्माचे, तख्त लौकिक न्यायाचे. रात्री ग्रंथ पालखीतून अकाल तख्तात विश्रांतीसाठी नेला जातो आणि पहाटे पुन्हा मंदिरात आणला जातो. या नित्याच्या मिरवणुकीने दोन्ही वास्तू एकमेकींशी बांधल्या गेल्या आहेत.

नाश आणि पुनर्निर्माण

१७६२ मध्ये अहमदशहा अब्दालीने हरिमंदिर सुरुंगाच्या दारूने उडवून दिले आणि सरोवर बुजविले. दोनच वर्षांनी, १७६४ च्या सुमारास, जस्सासिंग अहलुवालिया आदी सरदारांनी पुनर्बांधणी हाती घेतली. पुढे महाराजा रणजितसिंगांनी संगमरवर, नक्षीकाम आणि १८३० च्या सुमारास सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे यांनी मंदिर सजविले. या कामात चिनिओटचे मुसलमान कारागीर होते. आतील भिंतींवर चार प्रकारची कला बहरली : संगमरवरात रंगीत दगड बसविण्याची जडतकारी, ओल्या गिलाव्यावरची मोहराकशी, उठावाचे गच काम आणि काचेच्या तुकड्यांची टुकडी. प्रवेशद्वारावरील लेखात मंदिराच्या सेवेचे श्रेय राजाने स्वतःकडे घेतलेले नाही. सेवेची संधी देणाऱ्या गुरूला ते दिले आहे.

इंग्रजी अमलात सरोवराच्या काठी गॉथिक धाटणीचा एक लाल घड्याळमनोरा उभा राहिला (१८७४). एखाद्या विलायती चर्चचा भासावा असा तो मनोरा तेथे कधीच रुजला नाही आणि १९४५ मध्ये तो पाडण्यात आला. जे बांधकाम समाजाच्या सेवेतून उगवत नाही, त्याला समाज आपले म्हणत नाही. १९८४ च्या घटनांनी हेच अधिक वेदनादायक रीतीने दाखविले. त्या वर्षीच्या जूनमधील लष्करी कारवाईत अनेकांचे प्राण गेले आणि अकाल तख्ताची प्रचंड हानी झाली. शासनाने काही महिन्यांतच ते पुन्हा बांधून दिले. परंतु १९८६ मध्ये शिखांनी ते बांधकाम उतरविले आणि कारसेवेने, म्हणजे स्वतःच्या हातांच्या श्रमदानाने, नवे तख्त उभारण्यास आरंभ केला. याच कारसेवेने १९२३, १९७३ आणि २००४ मध्ये सरोवराचा गाळ उपसण्यात आला. गाळाची पाटी डोक्यावर घेणे हीच तेथे उपासना झाली.

गोदेच्या तीरावर

महाराष्ट्राशी या इतिहासाचे नाते नांदेडमुळे जुळले आहे. १७०८ मध्ये दहावे गुरू गोविंदसिंग यांनी येथेच देह ठेवला आणि यापुढे ग्रंथच गुरू, असे सांगून देहधारी गुरूंची परंपरा संपविली. गुरुद्वारात ग्रंथाला राजाचा मान का, याचे पूर्ण उत्तर नांदेडमध्ये मिळते. जेथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले, त्या जागी रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड श्री हजूर साहिबाची वास्तू उभारविली. सोनेरी घुमट आणि कमानी पाहताच अमृतसरची आठवण होते. परंतु येथे आत ‘अंगीठा साहिब’ हे स्वतंत्र दालन असून त्यात गुरूंची शस्त्रे जतन केलेली आहेत. दख्खनच्या मातीत पंजाबची ही वास्तुशैली जवळजवळ दोनशे वर्षे नांदते आहे. २००८ मध्ये गुरुगादीच्या त्रिशताब्दीनिमित्त देशोदेशीचे शीख येथे लोटले होते.

जुन्या भिंतींचा प्रश्न

कारसेवेची एक दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. एकेकाळी अमृतसरच्या परिक्रमेभोवती कित्येक ‘बुंगे’ होते. यात्रेकरूंचा निवारा आणि विद्यादान असे दुहेरी काम या वाड्यांत चाले. १९४० च्या दशकापासून परिक्रमा रुंद करण्यासाठी ते पाडले गेले. दोन मनोऱ्यांचा रामगढिया बुंगा तेवढा उरला. पंजाबातील अनेक जुन्या गुरुद्वारांत भित्तिचित्रांवर चुना फिरला, संगमरवरी लाद्या बसल्या. ज्या भिंतींवर ज्ञानसिंग नक्काश (१८८३–१९५३) यांच्यासारख्या कलावंतांच्या पिढ्यांनी आयुष्य वेचले, त्या नव्या लाद्यांखाली जाऊ लागल्या. हे कोणा शत्रूने केले नाही. गुरूचे घर अधिक चांगले दिसावे, या निर्मळ इच्छेनेच हे घडले.

मार्च २०१९ मध्ये तरनतारन येथील १८३९ ची दर्शनी देवडी कारसेवेच्या नावाखाली पाडण्यास एका रात्री सुरुवात झाली, तेव्हा भाविकांनीच विरोध करून ते काम थांबविले. ज्या समाजाने उद्ध्वस्त मंदिर दोन वर्षांत पुन्हा बांधावयास घेतले, त्याला आता एक वेगळीच सेवा शिकावी लागत आहे : नवे न बांधण्याची, असलेले सांभाळण्याची. पाडलेली भिंत श्रद्धेने पुन्हा उभी करता येते. पण तिच्यावर कोणा नक्काशाने काढलेले फूल परत येत नाही. तरनतारनच्या भाविकांनी त्या रात्री हातोडा थांबविला, तीही कारसेवाच होती, असे आम्ही मानतो.