झाशीच्या तटाच्या आत

वर्गात झाशीचा धडा शिकविताना आम्ही शिक्षक तोफा, तट आणि राणीचा घोडा यांचे वर्णन करून पुढे जातो. तटाच्या आतील रयतेचे काय झाले, हा प्रश्न बहुधा राहूनच जातो. त्याचे उत्तर मराठीतच आहे.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने काकांसह ग्वाल्हेरच्या वाटेला लागले. ते ना शिपाई होते, ना मुत्सद्दी. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोजचे सैन्य झाशीत घुसले, तेव्हा हे भिक्षुक शहरातच अडकले होते. पुढे सुमारे पंचवीस वर्षांनी त्यांनी आपली हकीकत लिहिली. चिंतामण विनायक वैद्यांनी ती १९०७ साली ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली.

या लेखनात शौर्याचा आव नाही. जीव मुठीत धरून लपणे, तहान आणि भूक, घराघरांतील प्रेते हे सारे त्यात आहे. लुटीचा क्रमही त्यांच्या स्मरणातून गेलेला नाही: आधी सोनेरुपे, मग भांडीकुंडी, मग वस्त्रे आणि धान्य. इतक्या वर्षांनंतरही असा क्रम आठवतो, याचा अर्थ ती जखम बुजलेली नव्हती.

द्रव्य मिळवायला गेलेले भटजी अखेर गंगेची कावड घेऊन घरी परतले. राणीचे शौर्य मुलांना अवश्य सांगावे. परंतु त्याच तासाला या भ्यालेल्या माणसाची साक्षही वाचावी. युद्धाची खरी किंमत तिच्यातच नोंदलेली आहे.