कोंबड्यांचं खाद्य आणि राखीव औषध

१९८८ साली इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी जवळपास एकाच वेळी एक वाईट बातमी छापली. व्हॅन्कोमायसिन हे हाताशी राखून ठेवलेलं औषध एंटरोकॉकस नावाच्या जिवाणूवर चालेनासं झालं होतं. लंडनमध्ये तो मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या विभागात सापडला होता.

हा जिवाणू काही परका नव्हे. तुमच्याआमच्या आतड्यात तो मुकाट्याने राहतो. १८९९ साली पॅरिसमध्ये तिएर्सेलाँने त्याला ‘आतड्यातला गोलाणू’ अशा अर्थाचं नाव दिलं. त्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये तो हृदयाच्या झडपांना संसर्ग झालेल्या रुग्णात सापडला. म्हणजे त्याची दोन्ही रूपं पहिल्यापासून ठाऊक होती.

मूळचाच तो चिवट. पेनिसिलिनने त्याची वाढ थांबते, पण तो सहसा मरत नाही. स्ट्रेप्टोमायसिन एकटं दिलं तर ते त्याच्या पेशीत पुरेसं शिरत नाही. दोन्ही एकत्र दिली की पेनिसिलिन भिंत खिळखिळी करतं आणि दुसऱ्याला वाट मिळते. १९४०च्या दशकाच्या शेवटी सापडलेला हा जोडउपचार पुढे अनेक दशकं झडपांच्या संसर्गावरचा आधार होता.

व्हॅन्कोमायसिनचा शोध लागला बोर्निओच्या जंगलातून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीत. १९५८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. सुरुवातीचं औषध इतकं गढूळ होतं की त्याला ‘मिसिसिपीचा चिखल’ म्हणत. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या साखळीच्या टोकाला अ‍ॅलनिनच्या दोन कड्या असतात. व्हॅन्कोमायसिन त्यांना घट्ट पकडतं आणि बांधकाम थांबतं. एंटरोकॉकसने मिळवलेल्या जनुकांनी शेवटची कडी बदलून तिथे लॅक्टेट बसवलं. बदल एवढासाच, पण औषधाची पकड सुमारे हजारपट सैल झाली.

अमेरिकेत दोष रुग्णालयांतल्या सढळ वापराकडे गेला. तिथे रुग्णालयांत होणाऱ्या एंटरोकॉकस संसर्गांमध्ये अशा जिवाणूंचं प्रमाण १९८९ मध्ये ०.३ टक्के होतं, ते १९९३ मध्ये ७.९ टक्के झालं. युरोपचं कोडं मात्र सुटेना. तिथे रुग्णालयांत हे औषध कमी वापरलं जाई, तरीही प्रतिरोधी जिवाणू कधी रुग्णालयाची पायरी न चढलेल्या लोकांत आणि कोंबड्या-डुकरांत सापडत होता.

उत्तर खाद्याच्या पोत्यात होतं. जनावरं लवकर भरावीत म्हणून १९७०च्या दशकापासून खाद्यात अ‍ॅव्होपार्सिन मिसळत. हे व्हॅन्कोमायसिनचंच भावंडं. एकाला न जुमानणारा जिवाणू दुसऱ्यालाही जुमानत नाही. डेन्मार्कमध्ये १९९४ साली माणसांसाठी २४ किलो व्हॅन्कोमायसिन वापरलं गेलं आणि जनावरांसाठी २४,००० किलो अ‍ॅव्होपार्सिन. रुग्णालयात काटकसरीने वापरलेलं औषध गोठ्यात हजारपटीने उधळलं जात होतं.

डेन्मार्कने १९९५ साली त्यावर बंदी घातली, युरोपीय संघाने १९९७ साली. डॅनिश ब्रॉयलर कोंबड्यांतलं प्रतिरोधी एंटरोकॉकसचं प्रमाण १९९५ मधल्या सुमारे ७३ टक्क्यांवरून २००० पर्यंत ६ टक्क्यांच्या आत आलं. कोंबड्यांच्या उत्पादनात फारसा फरक पडला नाही. डुकरांत मात्र प्रमाण हलेना, कारण त्यांना टायलोसिन हे दुसरंच प्रतिजैविक दिलं जात होतं. दोन्ही प्रतिरोधांची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर शेजारी बसली होती, त्यामुळे टायलोसिन दोघांनाही पोसत होतं. १९९८ मध्ये वाढीसाठीचा त्याचा वापर थांबला, तेव्हा कुठे प्रमाण उतरलं.

माणसांसाठी २००० साली लिनेझोलिड आलं, २००३ साली डॅप्टोमायसिन. या दोघांनाही दाद न देणारे एंटरोकॉकस आता आढळतात. त्याची जनुकंही त्याच्यापाशीच थांबली नाहीत. २००२ साली मिशिगनमध्ये डायलिसिसवरच्या एका रुग्णात व्हॅन्कोमायसिनला पूर्ण प्रतिरोधी स्टॅफिलोकॉकस सापडला. त्याने ते जनुक एंटरोकॉकसकडूनच उचललं होतं.

भारताने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली. तेही माणसांसाठी राखीव औषध आणि तेही कोंबड्यांच्या खाद्यात पोचलेलं. अशा बंदीने काय साधतं हे डेन्मार्कच्या कोंबड्यांनी दाखवलं. एकाच औषधावर बंदी घालून शेजारचं चालू ठेवलं तर काय होतं, हे तिथल्या डुकरांनी.