दप्तराचें साधन आणि अंगणवाडीची सेविका

राज्याचें दप्तर कोणत्या भाषेंत व कोणत्या साधनानें ठेवावयाचें, हें ठरविणारा निराळा असतो आणि तें प्रत्यक्ष ठेवणारा निराळा. केळीच्या बागांसाठीं प्रसिद्ध असलेल्या अर्धापुरास, किंबहुना सगळ्या नांदेड जिल्ह्यास, हा भेद जुन्या परिचयाचा आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. घरांत व शेतांत मराठी चाले. सरकारी कागद मात्र आधीं फारसींत व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूंत लिहिला जाई. भाषा बदलण्याचा हुकूम वरून निघाला. ती शिकण्याची मेहनत खालच्या कारकुनास पडली, आणि न समजणाऱ्या कागदाचें ओझें रयतेनें वाहिलें. आमच्या काळांत असाच एक फेरबदल झाला. त्यांत लहान मुलांच्या पोषणाचा प्रश्न गुंतलेला असल्यामुळें त्याची हकीकत वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांतील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. गांवोगांवच्या अंगणवाड्या ह्या योजनेच्याच होत. मुलांचें वजन, आहार, लसीकरण, गरोदर स्त्रियांची माहिती हें सर्व सेविका कागदी नोंदवह्यांत लिहीत. ह्या वह्यांची संख्या पुढें ११ झाली. काम जिकिरीचें होतें खरें. तथापि वही जुनी झाली म्हणून तींत लिहितां येईना, असें कधीं घडलें नाहीं. ८ मार्च २०१८ रोजीं पोषण अभियान सुरू झालें आणि वहीच्या जागीं मोबाइल फोन आला. २०१९ च्या सुमारास महाराष्ट्रांतील सेविकांना एक लाखाहून अधिक फोन वाटण्यांत आले. त्यांची रॅम २ जीबी होती, व त्या वेळच्या ‘कॅस’ ह्या प्रणालीसाठीं ते घेतलेले होते.

१ मार्च २०२१ रोजीं केंद्र सरकारनें ‘पोषण ट्रॅकर’ हें नवें ॲप आणलें. आज्ञावली बदलली, फोन मात्र तेच राहिले. ते तापतात, मध्येंच अडकून पडतात, भरलेली माहिती पुढें जात नाहीं, अशा तक्रारी सेविका करूं लागल्या. ॲप इंग्रजींत असल्याची तक्रार वेगळीच. शेवटीं ऑगस्ट २०२१ मध्यें राज्यांतील सेविकांनीं हे फोन सरकारला परत करण्याचें आंदोलन केलें.

हें असें कां व्हावें? रॅम म्हणजे यंत्राचें काम करावयाचें मेज. तें कारखान्यांत ठरतें. पुढें वाढत नाहीं. नवी आज्ञावली लिहिणारा मोठें मेज गृहीत धरतो. मग लहान मेजावरील कागद वारंवार उचलून कपाटांत ठेवावे लागतात व पुन्हां काढावे लागतात. कपाट, म्हणजे साठवण, भरत आलें कीं हा व्यवहार अधिकच मंदावतो; त्यांत बॅटरीही थकलेली असते. जुन्या टॅबलेटवर नवें अद्ययावतीकरण चढविणाऱ्या कित्येक घरांत हाच अनुभव येतो. परदेशांतही हा प्रश्न न्यायासनापुढें गेला आहे. इटलीच्या स्पर्धा-नियामक संस्थेनें ऑक्टोबर २०१८ मध्यें अशाच अद्ययावतीकरणामुळें जुने फोन मंदावल्याबद्दल ॲपलला १ कोटी व सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड केला.

तेथील ग्राहकानें फोन स्वतःच्या पैशानें घेतला होता. येथें फोन देणारें सरकार, आज्ञावली बदलणारेंही सरकारच. मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या हातीं ह्यांपैकीं कांहींच नव्हतें. केंद्र सरकारनें २०१८ मध्यें सेविकांसाठीं जाहीर केलेला दरमहा ५०० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता तर कामगिरीशीं जोडलेला होता. यंत्र अडलें कीं तिची कामगिरी कागदावर उणी दिसणार. आणि त्याहून वाईट म्हणजे ज्या मुलाचें वजन तिनें खरोखर केलें, त्याची नोंद वर पोहोंचणार नाहीं. कुपोषित मूल दप्तरांत दिसलेंच नाहीं, तर त्याची आठवण कोणी ठेवावी?

२० फेब्रुवारी २०२३ रोजीं राज्यांतील सेविकांनीं संप केला. मानधनवाढीबरोबर नवा मोबाइल हीही त्यांची मागणी होती, व ती सरकारनें मान्य केली. ॲपही पुढें मराठीसह अनेक भाषांत आलें. म्हणजे तक्रार रास्त होती. दाद मात्र दोन वर्षांनीं लागली.

नवी आज्ञावली आणूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. सुरक्षिततेसाठीं व एकसूत्री माहितीसाठीं ती लागतेच. परंतु ज्या हुकुमानें ती येते, त्याच हुकुमांत तिला पेलणाऱ्या साधनाची तरतूद असावी, आणि तिची परीक्षा कचेरींतील नव्या यंत्रावर न घेतां सेविकेच्या हातांतील सर्वांत जुन्या फोनवर घ्यावी. एवढी काळजी घेतली असती, तर तीं दोन वर्षें वांचलीं असतीं.