फडात पाणी कमी होतं तेव्हा जमीन टिकली



मागच्या आठवड्यात आमच्या मळ्यातल्या खालच्या तुकड्याचा फोटो टाकला होता. अर्धा एकर, वर पांढरा थर, गहू वीतभर येऊन पिवळा पडलेला. बऱ्याच जणांनी उपाय कळवले. जिप्सम टाका, ताग गाडा, खालून चर काढा. सगळं बरोबर आहे, करतोही आहे. पण एका कृषी पदवीधर मुलानं वेगळंच विचारलं. तुमच्या पांझराकाठी तर तीनशे-चारशे वर्षांपासून पाटपाणी आहे म्हणता, मग जमीन आत्ताच कशी चोपण झाली? याचं उत्तर दोन ओळीत मावेना, म्हणून आज खताचं-फवारणीचं बाजूला ठेवून जुनं लिहितो.

फड बागाईत हा शब्द धुळे आणि नाशिक जिल्ह्याच्या बाहेर फारसा कुणाला माहीत नाही. पांझरा, मोसम, आरम या नद्या सह्याद्रीच्या उतारावरून निघतात. पांझरा थेट तापीला मिळते, मोसम आणि आरम गिरणेमार्गे जातात. या नद्यांवर जुन्या लोकांनी ठिकठिकाणी दगड-चुन्याचे बंधारे घातले. धरण नव्हे, बंधारा. पाणी साठवायचं नाही, फक्त थोडं वर उचलून पाटात वळवायचं. बाकीचं बंधाऱ्यावरून उडी मारून पुढच्या गावाला. वरच्या गावाच्या शेतात जे मुरलं त्यातलंही बरंचसं झिरपून परत नदीत यायचं आणि खालचा बंधारा ते पुन्हा पकडायचा. एकच पाणी असं दोन-तीनदा वापरात यायचं. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या बंधाऱ्यांची नोंद आहे, म्हणजे इंग्रजांनाही ते जुनेच सापडले होते.

आता फड म्हणजे काय. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मोठमोठे भाग पाडलेले, साधारण चार. एकेक भाग म्हणजे एक फड. एका फडात एकच पीक. माझ्या वावरात मला वाटेल ते, हा प्रकारच नाही. एका फडात ऊस, दुसऱ्यात खरिपाचं, तिसऱ्यात रब्बीचा गहू-हरभरा, आणि एक फड पडीक. पुढच्या साली फिरवाफिरव. कोणत्या फडात काय, आणि पडीक कोणता, हे हंगामाआधी गाव बसून ठरवायचं. नदीला पाणी कमी दिसलं की उसाला कात्री लागायची किंवा आणखी एक फड कोरडा ठेवायचा. बऱ्याच घरांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असायची, म्हणून फड कोरडा राहिला तरी एकटं कुणी मरत नव्हतं. सगळ्यांचंच थोडं थोडं जायचं.

पाणी भरायला मालकानं जायचंच नाही, हे मला यातलं सगळ्यात हुशारीचं वाटतं. पाटकरी असायचा. तो पाटातून चारीत, चारीतून सारंगात पाणी घ्यायचा आणि ओळीनं भरत जायचा. मोठा शेतकरी असो की दहा गुंठ्यांवाला, बारी आली की भरणार, झालं की पुढे सरकणार. पिकाची राखण जागल्या करायचा, या सगळ्यांवर देखरेख हवालदाराची. त्यांची मजुरी पिकातून, धान्यात. पीक बुडालं तर पाटकऱ्याचंही पोट बुडणार, त्यामुळे पाणी पुरवण्याची काळजी त्यालाही मालकाइतकीच.

आणि एकच पीक का? उसाला पाणी वर्षभर, हरभऱ्याला दोन पाळ्या. दोन्ही शेजारी शेजारी लावले की उसाचं पाणी हरभऱ्यात पाझरतं आणि हरभरा मर लागून जातो. हे आजही कुणी आपल्या बांधावर बघून घ्यावं. सगळ्या फडाला एकच पीक असलं की पाळी एक, तोडणी एक, आणि पीक निघालं की सगळी जमीन एकदम कोरडी. तळापर्यंत भेगा पडायच्या. काळ्या जमिनीला ही भेग लागते मंडळी. तिच्यातून हवा जाते, पाण्याची पातळी खाली बसते. जादा पाणी सांडव्यानं नदीत परत सोडायची सोय होतीच.

हे सगळं गोडगोडही नव्हतं. फडात ज्याची जमीन नाही त्याला बैठकीत विचारणारं कुणी नाही. पाटाच्या वरच्या अंगाला कोरडवाहू असलेल्यांनी नुसतं वाहतं पाणी बघायचं. वाद, मारामाऱ्या व्हायच्या. आमच्याकडचे काही लोक फड म्हणजे रामराज्य असल्यासारखं बोलतात, ते मला पटत नाही.

पण जमीन टिकली हे खरं. याची उलटी बाजू बघायची तर पुणे जिल्ह्यात जावं लागेल. नीरा डावा कालवा १८८५ ला सुरू झाला, त्याला पाणी देणारं भाटघर धरण १८९२ ला पूर्ण झालं. दुष्काळी मुलखाला ती मोठीच गोष्ट होती. तिथे जमीन आमच्यासारखीच, कुठे मुरमाड तर कुठे खोल काळी. कालवा सरकारी होता. ज्याने अर्ज केला त्याला पाणी, आणि तो जिथे असेल तिथे ऊस. खोल काळ्या जमिनीत वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं, निचरा नाही, पाण्याची पातळी वर चढली आणि तिच्याबरोबर खालचे क्षार वर आले. वरचं पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. माझ्या फोटोतला पांढरा थर तो हाच. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींचा अभ्यास छापला. म्हणजे कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली नाहीत तोच अभ्यास करण्याइतकी जमीन बिघडली होती. पुढे १९३२ मध्ये पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं, तेही याच नीरा खोऱ्यात.

मध्ये एक माणूस येतो, विश्वेश्वरय्या. १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले तेव्हा तरुण पोरगं, वय तेवीसच्या आत-बाहेर. सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं आमच्या साक्री तालुक्यातलं, दातर्तीला पाटासाठी नळाचा सायफन बांधायचं. नंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनीच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. जमिनीचे गट पाडायचे, गटात उसाला एक हिस्सा, बाकी हिस्से हंगामी पिकांना, आणि आलटून पालटून फिरवायचं. फड बघूनच त्यांना हे सुचलं असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. मी तेवढं म्हणणार नाही. पण साम्य डोळ्यांत भरण्यासारखं आहे. फरक एवढाच की ब्लॉक खातं ठरवायचं आणि फड गाव ठरवायचं.

मग आमचा फड कशानं मोडला? दुष्काळानं नाही. दुष्काळात उलट लोक जास्त बांधलेले असत, पाणीच नाही तर भांडणार कशावर. मोडला तो विहिरीवर वीजेची मोटर बसली तेव्हा. ज्याची विहीर त्याला पाटकऱ्याची बारी बघायची गरज उरली नाही. तो पडीक फडात कपाशी लावू लागला, गव्हाच्या फडात ऊस लावू लागला. एकानं लावला की शेजाऱ्याच्या गव्हात पाझर, म्हणून शेजाऱ्यानंही ऊसच लावला. विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले. वाळू उपसली गेली, तशी नदी उन्हाळ्यात लवकर आटू लागली. बंधारे काही ठिकाणी अजून उभे आहेत, पाटही वाहतात, पण पडीक फड ठरवायला बैठक भरल्याचं मी शेवटचं कधी पाहिलं ते आठवत नाही.

आता माझा अर्धा एकर. तो तुकडा जुन्या फडातला, अगदी टोकाचा, सगळ्यात खोल काळा. वडिलांच्या वेळी तीन वर्षांत एकदा तिथे ऊस असायचा. मी बोअर घेतला आणि नऊ वर्षं सलग ऊस घेतला, लागण, खोडवा, खोडवा, पुन्हा लागण. पहिली चार वर्षं उतारा बघून गावात मान मिळाला. बोअरचं पाणी मचूळ आहे हे चहा फाटायचा तेव्हाच कळायला हवं होतं. सांडव्याकडे जाणारी जुनी चारी होती, ती मीच बुजवून दोन सरी वाढवल्या. दोष कुणाला देऊ?

ती चारी मागच्या महिन्यात पुन्हा उकरून काढली. चार फुटांवर पाणी लागलं. खालच्या बांधापर्यंत नेली तर पुढे शेजाऱ्याचं वावर आहे, आणि त्याच्या हद्दीतली चारीही बुजलेलीच. त्याच्याशी बोलणं चालू आहे. तो म्हणतो, तुझं खारं पाणी माझ्या वावरातून कशाला नेऊ. बरोबर आहे त्याचं. त्याच्या पुढच्या दोघांनीही उकरली तरच ती नदीपर्यंत पोचते, म्हणजे चौघांनी एका जागी बसावं लागेल. अखाजीला सगळे गावात असतात, तेव्हा विषय काढणार आहे.

मोसम, आरम, पांझराकाठच्या मंडळींना एक विनंती. तुमच्या गावच्या फडांना नावं होती, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि खाली लिहा. कोणता फड कोणत्या साली पडीक असायचा हे कुणाला सांगता आलं तर फारच बरं. मातीचा रिपोर्ट आला की ईसी आणि सामूचे आकडे इथेच टाकतो.