उक्कू, वुट्झ आणि हरवलेली विद्या

हवेत सोडलेला रेशमी रुमाल तलवारीच्या धारेवर अलगद येतो आणि त्याचे दोन तुकडे होतात. दमास्कस तलवारीची ही कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. ती सांगून झाली की पुढचे वाक्यही ठरलेले: असे पोलाद आज कोणालाच करता येत नाही. या कथेचे सर्वांत गाजलेले रूप आहे वॉल्टर स्कॉटच्या 1825 मधल्या ‘द टॅलिस्मन’ या कादंबरीत. तिथे सलादिन राजा रिचर्डसमोर आधी उशी कापतो, मग तलम ओढणी. म्हणजे ज्या पुराव्यावर आपण आधुनिक धातुशास्त्राला हरवू पाहतो, तो एका स्कॉटिश कादंबरीकाराने लोकप्रिय केलेला आहे.

पोलाद मात्र खरे होते, आणि त्याच्या लगडी जात होत्या त्या दक्षिण हिंदुस्थानातून. कानडी-तेलुगूतल्या ‘उक्कू’चे इंग्रजांनी ‘वुट्झ’ केले असावे. मुंबईत असलेला कंपनीचा डॉक्टर हेलेनस स्कॉट याने 1790च्या दशकात या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्सकडे पाठवले, आणि 1795 मध्ये जॉर्ज पिअर्सनने रॉयल सोसायटीपुढे त्यांच्यावर निबंध वाचला. पुढे मायकेल फॅरडे या पोलादाच्या मागे लागला. तो लोहाराचाच मुलगा. त्याला वाटले की गुपित ॲल्युमिनियममध्ये आहे. तर्क चुकला, पण जेम्स स्टोडार्ट या हत्यारे बनवणाऱ्या कारागिरासह त्याने पोलादात निरनिराळे धातू मिसळून पाहिले आणि मिश्र पोलादाच्या अभ्यासाची वाट मोकळी झाली.

कृती ऐकायला साधी आहे. मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, त्यांच्यासोबत तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने, वर मातीने लिंपलेले तोंड. कोळशाच्या भट्टीत भात्याने तासन् तास वारा घालायचा आणि मग मूस सावकाश निवू द्यायची. लाकूड-पानांतला कार्बन लोखंडात उतरून त्याचे प्रमाण दीड टक्क्यापर्यंत जाते. आपल्या घरांच्या स्लॅबमधल्या सळीत ते पाव टक्क्याच्या आसपास असते. हाती लागते ती तळहातावर मावेल एवढी लगड. आजच्या निजामाबाद जिल्ह्यातले कोनासमुद्रम हे या धंद्याचे मोठे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हेन्री व्हॉयझी तिथे गेला, तेव्हा त्याला इस्फहानचा एक व्यापारी भेटला. तो माल स्वतः देखरेख करून घेत होता. आमच्याकडे याची नक्कल करून पाहिली, साधली नाही, असे त्याने व्हॉयझीला सांगितले.

म्हणजे त्याचे खरे मानले, तर विद्या हरवण्याआधीही तिची नक्कल इराणात साधत नव्हती! लगडीपासून अप्रतिम पाती घडवणारे इराणी लोहारही लगड दक्षिण हिंदुस्थानातून आणवत होते. युरोपी लोहारांची अडचण दुसरी. ते लोखंड पांढरे होईपर्यंत तापवत, आणि इतक्या कार्बनचे पोलाद त्या उष्णतेला घणाखाली भुगा होते. ते कमी तापवून, पुन्हा पुन्हा, धीराने ठोकावे लागते.

पात्यावरच्या लाटांसारख्या नक्षीचा उलगडा अगदी अलीकडचा. अमेरिकेतले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होएव्हन आणि घोड्यांना नाल ठोकणारे लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षे एकत्र काम करून दाखवले की लोखंडात व्हॅनेडियमसारखा धातू अगदी नाममात्र, शंभरांश टक्क्याहूनही कमी असला, तरी वारंवार तापवण्या-ठोकण्यात लोह-कार्बनचे कठीण कण पट्ट्यांत गोळा होतात. हा अंश खाणीतूनच येतो. खाण संपली किंवा बदलली की तोच कारागीर, तीच कृती, आणि नक्षी मात्र उमटत नाही. विद्या लोपली त्याचे हे एक कारण असावे, असे या दोघांचे म्हणणे. मला ते पटते, पण पुरेसे वाटत नाही. 1856 मध्ये बेसेमरची पद्धत आली आणि काही मिनिटांत टनांनी पोलाद ओतले जाऊ लागले. तळहाताएवढ्या लगडीसाठी कोळसा जाळणाऱ्याचा माल मग कोण घेणार?

आता मूळ प्रश्न. हे पोलाद आजच्याहून सरस होते का? याच जोडीने आणखी एका सहकाऱ्यासह, वाळूचे कण मिसळलेला कागद कापणाऱ्या यंत्रावर पाती झिजवून पाहिली. रॉकवेल मापावर 61च्या आसपास कठीण केलेल्या पात्यांत आजचे स्टेनलेस पोलाद सर्वांत कमी झिजले. कठीणपणा 41 ठेवला, तेव्हा मात्र दमास्कस पोलाद सगळ्यांत टिकाऊ ठरले. आणि संग्रहालयांतल्या ज्या थोड्या जुन्या तलवारी तपासल्या गेल्या, त्या 61च्या जवळपासही नव्हत्या. तेव्हा उत्तर असे: त्या काळी गाठता येणाऱ्या कठीणपणाला हे पोलाद खरोखर उत्तम होते, आज आपण त्याच्या कितीतरी पुढे जाऊ शकतो. ‘सरस’ म्हणणाऱ्याने कशात सरस, हे आधी सांगावे.

2006 मध्ये ड्रेस्डेनच्या संशोधकांना एका जुन्या तलवारीत कार्बनच्या सूक्ष्म नळ्या दिसल्या आणि आपल्याकडे ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ असे मथळे झळकले. तसे चुलीच्या काजळीतही अब्जांश मीटरच्या मापाचे कण असतात. म्हणून कोणी आजीला नॅनोशास्त्रज्ञ म्हणत नाही. दिल्लीच्या लोहस्तंभाचीही तीच गत. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरला. जमिनीखालचा भाग मात्र गंजलेला निघाला, हे मथळ्यात येत नाही.

या गौरवात मला खटकते ते वेगळेच. आपण अभिमान धरतो तो ‘आपल्या पूर्वजांचा’, पण मूस लिंपणारा, भाता ओढणारा, कोणती माती तडकत नाही हे हाताने ओळखणारा माणूस त्या पूर्वजांत क्वचितच धरला जातो. त्याचे ज्ञान पोथीत नव्हते, म्हणून ते कोणी चोरलेही नाही आणि जपलेही नाही. पिअर्सनने लगड तपासली ती लंडनमध्ये, ती करणाऱ्यापासून हजारो मैल दूर बसून. दोनशे वर्षांनी कोडे सुटले ते प्राध्यापक नाल ठोकणाऱ्याच्या भट्टीपाशी जाऊन उभा राहिला तेव्हा.